सुकाणू दोघांच्याही हाती असू द्या

पुसद,
आश्विन वद्य पंचमी

चि. सौ. बाळ आणि चि. जावईबापू यांस,


डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईहून निघायचं, तीस फुटी शिडाच्या होडीवरच संसार थाटायचा, किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत, जमलं तर गोव्यापर्यंत जायचं आणि होळीच्या आत परतायचं, हा तुमचा बेत वाचून तुझ्या आईच्या जिवाला घोर लागला आहे. पत्र माझ्या हातात देत ती म्हणाली, "दादा, तू जन्म जहाजावर काढलास, तूच काय ते सांग." मी तिला सांगितलं की बेत चांगला आहे, पोरांना जाऊ दे. तुम्हाला काय सांगायचं ते या पत्रात लिहितो. दोघांनी एकत्र बसून वाचा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधी. होडीवर तुम्ही दोघंच असणार आहात. म्हणून तुमच्यापैकी प्रत्येकाला ती होडी एकट्याने सुखरूप किनाऱ्याला लावता आली पाहिजे. मदत करता येणं पुरेसं नाही, एकट्याने सगळं करता आलं पाहिजे. आपल्या घरांत कामाची वाटणी न बोलता होऊन जाते. इंजिन, नकाशा आणि सुकाणू त्याच्याकडे, चूल आणि डबे तिच्याकडे. जमिनीवर अशी वाटणी निभावते, कारण हाक मारली तर शेजारी धावून येतो. किनाऱ्यापासून पाच मैलांवर जावईबापूंना ताप भरला, पाय मुरगळला किंवा ते पाण्यात पडले, तर हाकेला ओ देणारं कोणी नसतं. त्या घटकेला बाळ, होडी वळवून त्यांना वर घेणारी तूच असतेस.

म्हणून निघण्याआधी मुंबईतच एक परीक्षा द्या. एक दिवस तुझा, एक दिवस जावईबापूंचा. ज्याचा दिवस असेल त्याने एकट्याने नांगर उचलायचा, शीड चढवायचं, वारा वाढला असं समजून ते आखडून घ्यायचं, इंजिन चालू करायचं, रेडिओवर बोलायचं आणि परत येऊन नांगर टाकायचा. दुसऱ्याने केबिनमध्ये बसून राहायचं, तोंड उघडायचं नाही. पाण्यात पडलेल्याला उचलण्याचा सराव तरंगणारा डबा टाकून करा. डब्यावरची नजर न हलवता वळायचं आणि त्याच्याजवळ येऊन होडी थांबवायची. दोघांनाही हे हमखास जमेपर्यंत मुंबई सोडू नका. आणि जावईबापू, भाकरी थापणं, पाण्याचा हिशेब ठेवणं आणि फाटलं शीड शिवणं तुम्हालाही आलं पाहिजे.

दोघांची होडी किती लांब जाऊ शकते, हे आपल्या नौदलाच्या दोन मुलींनी नुकतंच दाखवलं आहे. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. 2 ऑक्टोबर 2024 रोजी 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 रोजी गोव्यालाच परतल्या. त्याआधी 2009-10 साली कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'वरून एकट्याने जग फिरणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. या दोन्ही होड्या गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेल्या आहेत. दिलना आणि रूपा यांच्यापैकी एक झोपली की सगळी होडी दुसरीच्या हाती असे. झोपणारीला निर्धास्त झोप लागावी इतका भरवसा जागणारीवर होता. तुमच्यातही तसाच भरवसा तयार झाला पाहिजे आणि तो सरावानेच होतो. प्रेमाने त्याची भरपाई होत नाही.

आता वाऱ्याचं. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर रोजचं एक वेळापत्रक असतं. रात्री जमीन गार होते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारपर्यंत जमीन तापते आणि समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून, खारा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाताना हा वारा पाठीशी असतो, म्हणून जाण्याचा प्रवास सुखाचा होईल. त्या सुखावर परतीचा अंदाज बांधू नका. उत्तरेकडे येताना तोच वारा तोंडावर येतो. परतताना पहाटे उठायचं, मतलई वाऱ्यावर आणि इंजिनावर मिळेल तितकं अंतर तोडायचं आणि दुपारी वारा चढायच्या आत नांगर टाकायचा. मुंबई ते गोवा सुमारे 240 सागरी मैल होतात. तुमची होडी तासाला चार-पाच मैल जाईल, म्हणजे दिवसाउजेडी पंचवीस-तीस मैल खूप झाले. जायला जितके दिवस लागतील त्याच्या दीडपट तरी दिवस परतीसाठी ठेवा.

भरती-ओहोटीचं शिक्षण आपल्याकडे मिळत नाही. इसापूरच्या धरणात तुम्ही होडी चालवली तेव्हा पाणी सकाळी होतं तिथेच संध्याकाळी होतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढतं आणि उतरतं. खाली गोव्याकडे हा फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. भरतीचं छापील कोष्टक जवळ ठेवाच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेबही पाठ करा. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या आसपासच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. आज पंचमी, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती.

या हिशेबावर दोन गोष्टी अवलंबून आहेत. पहिली खाडीत शिरण्याची वेळ. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला आणि वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळला वाळूचे दांडे आहेत. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून लाट आली की त्या दांड्यावर पाणी फुटतं आणि लहान होडी आडवी होते. पाणी चढत असतानाच शिरा. चढत्या पाण्यात तळ टेकला तरी अर्ध्या तासात होडी आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकला तर पुढची भरती येईपर्यंत ती कलंडून पडते. दुसरी गोष्ट नांगराच्या दोराची. लांबी भरतीच्या खोलीवरून मोजा. ओहोटीला चार मीटर पाणी असेल आणि भरती चार मीटर चढणार असेल, तर खोली आठ मीटर धरून तिच्या पाच ते सात पट साखळी-दोर सोडा. रात्री वारा फिरला की होडीही नांगराभोवती फिरते, तेवढी जागा चारही बाजूंनी मोकळी ठेवा.

मुक्कामाची ठिकाणं निवडताना सौंदर्याआधी आसरा पाहा. जयगड, विजयदुर्ग आणि देवगड ही तुमची भरवशाची ठिकाणं. विजयदुर्गाच्या तोंडाशी वाळूचा दांडा नाही, म्हणून कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला ते बंदर सोयीचं ठरलं. तिथे चार दिवस राहा, किल्ला नीट पाहा आणि गिर्ये गावाजवळची आंग्रेकालीन गोदीही बघून या. मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकांचं जाळं आहे. शिवाजी महाराजांनी तीच जागा निवडण्याचं ते एक कारण होतं. तिथे नकाशावर विसंबून शिरू नका, गावातला जाणता माणूस होडीवर घ्या. वेंगुर्ल्याचे खडक दीपगृहासह समुद्रात उभे आहेत, त्यांच्यापासून चांगलं अंतर राखा.

रात्री चालू नका. कोकण किनाऱ्यावर जागोजागी जाळी असतात. डोलीच्या जाळ्यांचे खुंट आणि तरंगणारे बुधले अंधारात दिसत नाहीत आणि दोर पंख्यात गुंतला की इंजिन जागीच बंद पडतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती जाळी कुणाची तरी भाकरी आहे. तुम्ही हौसेने पाण्यावर निघालात, कोळी, गाबीत, खारवी आणि दालदी पोटासाठी रोज जातात. त्यांच्या वाटेत नांगर टाकू नका. चुकून जाळं तुटलं तर पळ काढू नका. नाखव्याला गाठा, भरपाई द्या. बंदरात पोचलात की आधी जेटीवर जाऊन नमस्कार करा, कुठून आलो ते सांगा आणि उद्याच्या वाऱ्याबद्दल विचारा. जो तांडेल आयुष्यभर त्या खाडीत आत-बाहेर करतो, त्याच्या एका वाक्यात तुमच्या नकाशावर नसलेला खडक सापडतो.

हिवाळा म्हणजे वादळ नाही, असं समजू नका. 'फयान' चक्रीवादळ 11 नोव्हेंबर 2009 रोजी कोकणावर आलं आणि बेसावध होड्यांना त्याने गाठलं. 2017 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'ओखी' वादळ आलं, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी होड्या सिंधुदुर्गाच्या बंदरांत आसऱ्याला आल्या होत्या. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज पाहा, हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा लाटांचा अंदाजही पाहा. बंदरात तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला असेल तर आकाश कितीही निरभ्र दिसो, नांगर उचलायचा नाही. मुंबईत कुणी वाट पाहतंय, रजा संपत आलीय, ही कारणं त्या दिवशी ऐकायची नाहीत. तुमच्या दोघांच्या साहेबांना आत्ताच सांगून ठेवा की परतायला आठवडाभर उशीर होऊ शकतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. होडीचे कागद आणि ओळखपत्रं पाण्यापासून जपलेल्या पिशवीत हाताशी ठेवा. प्रत्येक बंदरात बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना पोचल्याचं आणि निघताना पुढच्या मुक्कामाचं सांगा. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093 आणि रेडिओची वाहिनी 16 हे तिन्ही केबिनच्या दारावर रंगाने लिहून ठेवा.

होडीवरच्या घराबद्दल थोडं. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली होडीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. सिलिंडर बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा आणि स्वयंपाक झाला की नळीचा नव्हे, सिलिंडरचा खटका बंद करा. पाणी मोजून वापरायला यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पिण्या-रांधण्याला माणशी रोज पाच लिटर धरा, भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवा. ज्वारीचं पीठ दमट हवेत लवकर खराब होतं, थोडं थोडं घ्या आणि वाटेत दळून आणा. तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी आणि लाल तिखट तुझी आई इथून पाठवणार आहे.

संसार पाठीवर घेऊन फिरणं आपल्या भागाला नवीन नाही. पुसदच्या आसपासच्या तांड्यांतले पूर्वज बैलांवर धान्य आणि मीठ लादून बायका-मुलांसह मैलोन् मैल चालत आणि पावसाळ्यात मुक्काम करत. तांड्याला एक नायक असे आणि वाटेत त्याचा शब्द चाले. तुमच्या होडीवरही एका वेळी एकच नायक असू द्या, पण रोज बदलून. आज तू, उद्या जावईबापू. सुकाणू ज्याच्या हाती त्याचं ऐकायचं, वाद घालायचा असेल तर नांगर टाकल्यावर, जेवण झाल्यावर. या नियमाला एकच अपवाद ठेवा. दोघांपैकी कुणीही "परत फिरू या" म्हटलं, तर कारण न विचारता परत फिरायचं. ज्याला भीती वाटली त्याला नंतर कधीही टोमणा मारायचा नाही. तीस फुटांच्या जागेत तीन महिने राहायचं म्हणजे रुसायलाही दुसरी खोली नसते. रोज तासभर एकाने पुढे आणि एकाने मागे, न बोलता बसायचं, असं ठरवून टाका. त्याने माणसं जवळ राहतात.

बाळ, तुला लहानपणी मी जहाजाच्या गोष्टी सांगायचो तेव्हा तू विचारायचीस की त्या जहाजावर बायका का नसतात. त्या प्रश्नाचं उत्तर आता तुझ्या हातात आहे, तेव्हा सुकाणू मागून घे, कुणी देईल म्हणून थांबू नकोस. जावईबापू, तुम्ही समंजस आहात, तुम्ही ते आनंदाने द्याल याची मला खात्री आहे. तुमची परीक्षा झाली की दोघांनी वेगवेगळं पत्र लिहा आणि एकट्याने काय काय केलं ते मला कळवा. ती दोन्ही पत्रं हाती येईपर्यंत तुझ्या आईला मी होकार द्यायला लावणार नाही. आल्यावर तिची समजूत घालणं माझ्याकडे लागलं.

तुझा,
मामा