मधल्या दाराची कडी



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सध्या एकच विषय असेल. वडिलांनी बांधलेलं बैठं घर आता अपुरं पडतंय. मुलांना अभ्यासाला खोली हवी आहे आणि आजी-आजोबांना जोत्याच्या पायऱ्या झेपत नाहीत. मग ठरतं, की जुनं पाडून नवं बांधायचं, तळमजला त्यांना, वरचा मजला आपल्याला. बेत चांगला आहे. आर्किटेक्टकडे जाण्याआधी त्यावर थोडं मोकळेपणी बोलू या.

पहिली अडचण मनातली असते. आईवडिलांना वेगळं स्वयंपाकघर दिलं तर नातेवाईक काय म्हणतील? वेगळी चूल म्हटली की आपल्याकडे आधी भांडण आठवतं. पण रोजची घड्याळं बघा. त्यांचा चहा पहाटे साडेपाचला, आपला सातला. त्यांचं रात्रीचं जेवण साडेसातला उरकतं, आपण ऑफिसातून येतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. एकाच ओट्यावर ही दोन वेळापत्रकं चालवायची, तर कोणाला तरी रोज मन मारावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते आजी मारते. तिला पाच फुटांचा का होईना, स्वतःचा ओटा द्या. सणावाराला पंगत एकत्रच बसेल. जपानमध्ये आसाही कासेई या कंपनीने १९७५ मध्येच दोन पिढ्यांसाठी एका छपराखालची दोन घरं बाजारात आणली आणि तिथे ती चांगलीच रुजली. एकत्र राहण्याची ओढ असलेल्या समाजालाही वेगळ्या ओट्याची गरज भासली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता नकाशा. तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग सहसा पार्किंग खातं आणि ज्येष्ठांच्या वाट्याला गाडीमागची अंधारी खोली येते. असं होऊ देऊ नका. बाहेर फिरणं कमी झालं की माणसाचा निम्मा दिवस खिडकीशी जातो. फाटक, भाजीवाला, शाळेतून येणारी नातवंडं दिसतील अशी खिडकी त्यांना द्या. गाडी मागे गेली तरी चालेल.

जोत्याचा विचार पायाखोदाईपूर्वीच करा. व्हीलचेअरच्या उताराला एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते. जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट झाले, आणि एवढी जागा घर उभं राहिल्यावर सापडत नाही. दार तीन फुटी ठेवा. खोलीत आणि न्हाणीघरात खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा हवी. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसामुळे अडतं. कडीही बाहेरून उघडता येणारी बसवा. कमोड साधारण अठरा इंच उंच घ्या. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत आधाराचे बार नीट धरत नाहीत, म्हणून त्या जागी आधीच काँक्रीट करायला सांगा. फरशी खरखरीत निवडा आणि पलंगाशेजारी टू-वे स्विच द्या. आजीला रांगोळीसाठी उंबरठा हवा असेल, तर त्याची दगडी पट्टी फरशीच्या पातळीत बसवता येते.

स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र स्वयंपाकघर आलं, की तो भाग मंजुरीच्या नकाशात वेगळी सदनिका म्हणून दाखवावा लागेल का, हे आर्किटेक्टला आधीच विचारा. त्याचा परिणाम पार्किंगवर, करावर आणि पुढे भोगवटा प्रमाणपत्रावर होऊ शकतो.

याच काळात घर नावावर करून घेण्याचा विषयही निघतो. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. काम स्वस्त आहे म्हणून घाई करू नका. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ त्यांना आधार देतं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता असेल आणि ती अट मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा, आणि ती लिहायला तुम्हीच सुचवा. मागायला त्यांना संकोच वाटेल.

सगळ्यात महत्त्वाचं आहे दोन घरांमधलं दार. ते ठेवाच. रात्री-अपरात्री त्याचा उपयोग होतो, आणि अडीअडचणीसाठी एक किल्ली तुमच्याकडे असू द्या. त्या किल्लीने उघडेल अशी त्याची कडी मात्र एरवी त्यांच्या बाजूला हवी. आपण बांधतो, हप्ते आपण भरतो, म्हणून तळमजला आपल्याच घराची वाढीव खोली आहे असं वाटू लागतं. मग जास्तीच्या गाद्या तिथे जातात, कुरिअर तिथे येतं, आणि न विचारता मुलंही तिथेच सोडली जातात. नातवंडं आजी-आजोबांना हवीच असतात. पण दररोज चार ते आठ सांभाळणं ही जबाबदारी झाली. ती मागून घ्यायची असते, गृहीत धरायची नसते. त्यांची दुपारची झोप, भजनी मंडळ, मैत्रिणींचा चहा यांना तुमच्या ऑफिसच्या मीटिंगइतकाच मान असू द्या.

म्हणून नकाशा काढायला बसाल तेव्हा त्यांना शेजारी बसवा. देवघर कुठे हवं, जुनं कपाट ठेवायचं का, पाहुणे आले तर कुठे झोपतील, हे त्यांनाच सांगू द्या. आणि घरात राहायला गेल्यावर मुलांना एक नियम घालून द्या: आजीकडे जाताना बेल वाजवायची. कधीतरी ती आतून "आत्ता नको रे, थोड्या वेळाने ये" म्हणेल. तेव्हा मुलाची समजूत काढा, आजीची नको. त्या घरात नाही म्हणायचा हक्क तिला असेल, तरच ते घर तिचं.