व्हिसाचा मार्ग निवडण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस,


डॅनियलशी तुझं लग्न ठरल्याचं ताईने कळवलं आणि पाठोपाठ तुझा मेसेजही आला, की कुठल्या व्हिसाने सगळ्यात आधी अमेरिकेला पोहोचता येईल. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे. आधी पोहोचण्याचा विचार जरा बाजूला ठेव. नेवार्कच्या विमानतळावर उतरशील त्या दिवशी तुझ्या स्वतःच्या हातात कोणता हक्क असेल, ते आधी बघ.

डॅनियल अमेरिकेचा नागरिक आहे, त्यामुळे तुमच्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. पहिली के-वन, म्हणजे लग्न ठरलेल्या मुलीचा व्हिसा. डॅनियल आय-१२९एफ हा अर्ज भरतो, तू मुलाखत देऊन इथे येतेस, ९० दिवसांच्या आत त्याच्याशीच लग्न करतेस आणि मग ग्रीन कार्डसाठी वेगळा अर्ज करतेस. दुसरी सीआर-वन. तिच्यात लग्न आधी होतं, मग तो बायकोसाठी आय-१३० भरतो आणि शेवटी तुझी मुलाखत होते. के-वन कधी कधी काही महिने आधी पोहोचवतो, हे खरं. तरीही माझं मत सीआर-वनच्या बाजूने आहे, आणि ते ठाम आहे.

कारण आहे तो मधला काळ. के-वनवर आलेल्या मुलीचं लग्न होतं, ग्रीन कार्डचा अर्ज जातो, आणि मग ती थांबते. वर्क परमिट यायला महिने लागतात, तोवर नोकरी नाही. अ‍ॅडव्हान्स परोलचा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचा, कागद हातात येण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. इथे एडिसनमध्ये अशा कितीतरी मुली मी पाहिल्या. शिकलेल्या, आपापल्या गावी घर चालवलेल्या. आणि इथे भाजी आणायलाही नवऱ्याचं कार्ड मागायचं. नवरा भला असला तरी ते मनाला लागतंच. तू शिक्षण संपल्यापासून स्वतःच्या पगारावर उभी आहेस. त्यात सांगलीला आजी नव्वदीला टेकलेल्या. त्यांचं काही कमीजास्त झालं आणि तुला निघता आलं नाही, तर ते तुला जन्मभर सलत राहील. सीआर-वनवर मात्र विमानतळावर शिक्का पडला की तू कायम रहिवासी होतेस. पासपोर्टमधला तो शिक्का मारलेला व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो. दुसऱ्या दिवशी नोकरीला लागता येतं, हवं तेव्हा पुण्याला जाऊन येता येतं.

त्या ९० दिवसांचंही मला भय वाटतं. एकत्र राहायला लागल्यावर एखादी गोष्ट खटकली, थोडं थांबावंसं वाटलं, तर के-वन थांबू देत नाही. लग्न करा नाहीतर परत जा. दुसऱ्या कोणत्या व्हिसावर बदलूनही घेता येत नाही. ज्यांना आपल्या देशात लग्न करणंच शक्य नाही त्यांच्यासाठी ही वाट ठीक आहे. तुमचं तसं नाही.

आता ताईच्या मनातलं. तिला पुण्यात हॉल घेऊन, अंतरपाट धरून लग्न लावायचं आहे आणि 'कोर्टाचं काय ते अमेरिकेत करा' असं ती म्हणते. के-वनचा अर्ज भरून हे कधीही करू नका. साखरपुडा चालतो. पण मुलाखतीत सप्तपदीचे आणि मंगळसूत्राचे फोटो समोर आले तर अधिकारी म्हणणार, तुमचं लग्न झालेलंच आहे, मग हा व्हिसा कसला? तिथून पुन्हा नव्याने आय-१३० भरायचा, म्हणजे वर्ष वाया. सीआर-वनला हेच फोटो तुमच्या बाजूचा पुरावा ठरतात. ताईलाही तिचा सोहळा मिळतो.

डॅनियल हिंदू नाही, म्हणून हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागू होत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जा. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं, ते तुझं आहेच. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस हरकतींसाठी जातात, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते. डॅनियलला सध्या विवाहित नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. कोणती कागदपत्रं हवीत ते आधी कार्यालयात जाऊन विचार, मगच त्याला तिकीट काढायला सांग.

कोणीतरी सुचवेलच, की पर्यटक व्हिसावर ये, इथेच लग्न कर आणि राहा. ऐकू नकोस. मनात राहण्याचा बेत ठेवून 'फिरायला आले' असं सांगणं ही खोटी माहिती ठरते आणि तिच्यापायी अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

अजून दोन गोष्टी माहीत असू देत. लग्नाला दोन वर्षं झालेली नसताना इथे आलीस तर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत ती अट काढून घेण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा. देव करो आणि अशी वेळ न येवो, पण घटस्फोट झाला किंवा घरात छळ झाला तर तो अर्ज तुला एकटीलाही भरता येतो. ग्रीन कार्ड नवऱ्याच्या मुठीत आहे असं कोणी धमकावलं तर ते खरं नसतं. शिवाय डॅनियल आय-८६४ वर सही करून तुझ्या पोटापाण्याची हमी सरकारला देणार आहे, आणि ती हमी घटस्फोटानेही संपत नाही. इथे न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांच्या पाठीशी उभी आहे. तिचं नाव लक्षात ठेव. तुला गरज पडणार नाही, पण तुझ्या एखाद्या मैत्रिणीला पडेल.

पासपोर्टवरचं नाव इतक्यात बदलू नकोस. जन्मदाखला, पदवी, विवाह प्रमाणपत्र सगळीकडे एकच नाव असलं की वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या मुलाखतीत प्रश्न कमी होतात. जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे का, की नुसतं 'मुलगी' लिहिलंय, ते आजच बघ. तसं असेल तर नाव घालता येतं का ते महापालिकेत विचार. पोलिस क्लिअरन्सचं नंतर बघू, त्याला मुदत असते. तुमच्या भेटींची तिकिटं, फोटो, एकमेकांना पाठवलेले मेसेज मात्र आतापासून जपून ठेव.

डॅनियलचा आधी घटस्फोट झालेला आहे, असं ताई ओझरतं म्हणाली. त्याचा अंतिम हुकूमनामा त्याच्याकडून मागून घे आणि पूर्ण वाच. लाजू नकोस, लग्नाआधी हे विचारणं तुझा अधिकार आहे. त्याच्या अर्जालाही तो जोडावाच लागतो. मी वकील नाही, त्यामुळे त्यात काही गुंता दिसला तर आपण इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारू. फी मी देईन.

शनिवारी तुमच्या रात्री फोन करते. ताई-भाऊजींनाही बसव, नोटिशीची आणि हॉलची तारीख एकत्रच ठरवावी लागेल.

तुझी,
सुधामावशी