सुरतेजवळ तळ्याकाठी एक रात्र

प्रश्न : आम्ही उधन्यात राहतो. मुलांना घेऊन तलावाकाठी तंबूत एक रात्र काढायची आहे. कुठे जावं?

उत्तर : ताई, शहरातलं गवियर तळं पहाटे पक्षी बघायला छानच, मुक्कामासाठी मात्र मांडवी तालुक्यातलं केवडी गाठा. वनखात्याचं शिबिरस्थळ आहे, आरक्षण आधी करा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. तापीवरच्या उकाई जलाशयाचा मोह होईल, पण तिथे आपल्या मनाने तंबू ठोकू नका. धरणाचं पाणी वरखाली होतं. तंबू कुठेही काठापासून लांब, उंचवट्यावरच लावा. गाळाला भेगा दिसल्या की समजा, पाणी इथवर येतं. थंडीत श्वासाच्या वाफेने तंबू आतून ओला होतो, म्हणून जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. आणि अंधारात मुलांना एकटं पाण्याकडे पाठवू नका, हात धुवायलासुद्धा नाही.