सुट्टीनंतर मशीन रुसलं तर

अगं, आधी त्या स्विचवरचा हात काढ बघू. गौरी-गणपतीची सुट्टी संपवून दुकान उघडायचं, डिजिटल छपाईचं मशीन चालू करायचं, आणि स्क्रीनवर कसलातरी कोड दिसला की लगेच बंद-चालू, बंद-चालू. सगळेच करतात. मीही एकेकाळी वर हात जोडून नमस्कारसुद्धा करायचे. मशीन ढिम्म! खरं सांगू का, बंद केलंस की तो कोड स्क्रीनवरून जातो, आणि काय बिघडलंय याची तेवढीच तर खूण असते. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढ. मग पुढचं बघू.

हे बघ, कोड साधारण दोन जातींचे. एक जॅमचे, म्हणजे कागद अडकलाय किंवा सेन्सरला तसं वाटतंय. हे तुझ्या हातातलं काम. दुसरे सर्व्हिसचे. त्यातले काही एकदा नीट बंद करून चालू केलं की जातात, आणि पुन्हा आले नाहीत तर कामाला लाग. पण कोड फ्यूजरच्या तापमानाचा असेल तर तिथे हट्ट करायचा नाही. फ्यूजर म्हणजे मशीनच्या पोटातली इस्त्री. 150 ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापून टोनर कागदावर पक्का बसवते. तिथे गडबड झाली तर आगीची भीती, म्हणून बऱ्याच मशीनवर तो कोड इंजिनियरने काढल्याशिवाय जातच नाही. व्हिडिओ बघून छुपा मेन्यू उघडायला जाशील तर खबरदार!

आता बाहेरून आत जायचं. पहिली वीज. स्टॅबिलायझरचा आकडा बघ, प्लग सैल नाही ना ते बघ. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक 3 व्होल्टच्या आत असावा असं इंजिनियर लोक सांगतात, पण ते वायरमनकडून मोजून घे, तू टेस्टर घेऊन बसू नकोस. मशीनच्या मागेही टॉर्च मारून बघ. दुकानात मोदकांचा प्रसाद वाटला असेल, तर उंदीरमामाही येऊन गेले असतील. वायर कुरतडलेली दिसली तर मशीन चालूच करायचं नाही.

दुसरं, दारं आणि ट्रे. एखादं झाकण नीट बसलं नसेल तरी मशीन अडून बसतं. सुट्टीत कुणी थेट मेन स्विच पाडला असेल किंवा छपाई चालू असताना लाइट गेले असतील, तर कागद अर्ध्या वाटेत राहिलेला असतो. कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू ओढ. फाटला तर तुकडे जुळवून बघ, कारण नखाएवढा कपटा सेन्सरपुढे राहिला तरी जॅमचा कोड जात नाही. फ्यूजर गार होऊ दे, ड्रमला बोट लावू नकोस, आणि सांडलेला टोनर गरम पाण्याने पुसू नकोस, तो चिकटून बसतो.

मशीन तयार, पण कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर सापडत नाही? घाबरू नकोस गं. कंट्रोलर हा स्वतंत्र कॉम्प्युटर असतो, त्याला उठायला मशीनपेक्षा जास्त वेळ लागतो. चहा पिऊन ये. तरी जमलं नाही तर आयपी बघ. राउटर बंद-चालू झाला की कधीकधी नवा आयपी देऊन मोकळा होतो, आणि तुझा कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर फाइली पाठवत बसतो. तो आयपी एकदा कायमचा ठरवून घे.

आणि कागद! भाद्रपदातल्या हवेत उघडी पडलेली रीम सादळलेलीच असणार. ही सगळी छपाई चालते स्थिर विजेवर. 1938 मध्ये अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी गंधकाचा थर दिलेला पत्रा रुमालाने घासून या पद्धतीची पहिली प्रत काढली. आजच्या मशीनमध्ये रुमाल नाही, पण तत्त्व तेच, आणि दमट कागदावर ती वीज टिकत नाही. मग ठिपके पडतात, रंग फिका येतो, कागद वळतो, जॅम होतो. ट्रेमधला जुना कागद काढ, नवी रीम फोड, पानं फडफडवून सुटी कर आणि एसी आधी तासभर चालू ठेव.

पहिली पानं मळकट आली म्हणून रडायचं नाही. बरेच दिवस पडून राहिलं की टोनरवरचा विद्युतभारही उतरतो. थोडे भरगच्च रंगाचे कागद काढ, मशीन तापू दे, आणि मगच कॅलिब्रेशन कर. गार मशीनवर, दमट कागदावर केलेलं कॅलिब्रेशन दुपारी परत करावं लागतं. नवरात्र मंडळाची पत्रकं त्यानंतरच लाव.

एवढं करूनही कोड तसाच असेल तर इंजिनियरला बोलाव, त्यात कमीपणा कसला? फक्त "मशीन चालत नाही" एवढंच सांगू नकोस. कोड, कुठला ट्रे, किती जीएसएमचा कागद, मीटरचा आकडा आणि तू काय काय करून पाहिलंस ते सांग. म्हणजे तो येताना बरोबर पार्ट घेऊन येईल. मंडळवाल्यांनाही "होतंय, होतंय" म्हणत बसू नकोस, संध्याकाळची वेळ दे आणि मोकळी हो.

दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र माझं ऐक. ट्रे रिकामे कर, रीम गुंडाळून ठेव, आधी पुढचं बटण बंद कर, पंखे थांबू दे, मग मेन स्विच. हे कागदावर लिहून स्विचशेजारी चिकटव, म्हणजे हाताखालच्या पोरालाही कळेल. आणि नवाच कोड आला तर मला पाठव. पण आधी फोटो, मग रडारड. समजलं?