आजीच्या गळ्यातली बेल : अर्जलेखनाचा एक खरा विषय (इयत्ता चौथी व पाचवी)



अर्जलेखन आपण दरवर्षी घेतो. 'आजारी असल्यामुळे रजा मिळणेबाबत' हा अर्ज मुलांना तोंडपाठ असतो. पण घरात खरोखर लागणारा अर्ज करायची वेळ आली की मोठी माणसंसुद्धा सेतू केंद्राबाहेर बसलेल्या माणसाला पैसे देऊन तो लिहून घेतात. म्हणून यंदा हा घटक एका खऱ्या गरजेवरून घेऊन बघा. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांसाठी मदतीची बेल, आणि तिच्यासाठी पैसे कुठून आणायचे, हा तो विषय.

वर्गात विचारा, "आत्ता या वेळी कोणाची आजी घरी एकटी आहे?" आमच्याकडे निम्म्याहून जास्त हात वर झाले. आई-बाबा कंपनीत नाहीतर रानात, मूल शाळेत, आजी घरी. ती न्हाणीत घसरली तर? एक मुलगी म्हणाली, "फोन करंल की." लगेच दुसरी म्हणाली, "बाई, फोन तर चार्जिंगला असतो, आणि चार्जर वर खिडकीत!" आता यावर आपण काय बोलणार? पडल्यामुळे हाड मोडतं तेवढाच धोका नसतो. म्हातारं माणूस तासन् तास फरशीवर पडून राहिलं तर अंगातलं पाणी कमी होतं, एकाच जागी दाब येऊन जखमा होतात, स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून मदत किती लवकर येते यावर बरंच अवलंबून असतं.

बेल म्हणजे काय तर गळ्यात किंवा मनगटावर घालायचं एक बटण. दाबलं की घरच्यांना नाहीतर शेजाऱ्यांना कळतं. एक प्रकार सिमकार्डवर चालतो, तो ठरवलेल्या नंबरांना फोन लावतो. तो काही हजारांत जातो, वर रिचार्ज आणि चार्जिंग सांभाळावं लागतं. घेताना एक विचाराच : तो कुठल्या नेटवर्कवर चालतो? फक्त २जी वर चालणाऱ्या यंत्रात जिओचं सिम चालत नाही. दुसरा प्रकार अगदी साधा. दाराला लावतात ती बिनतारी बेल काही शे रुपयांत मिळते. बटण आजीच्या गळ्यात, वाजणारा डबा शेजारच्या काकूंच्या घरी. डबा सेलवर चालणारा घ्या, म्हणजे लाईट गेली तरी वाजेल. भिंती जाड असल्या तर अंतर कमी पडतं, म्हणून दुकानदाराला परत घेण्याबद्दल आधीच विचारून ठेवा. माझं मत विचाराल तर ज्या घराला शेजार आहे तिथे ही दुसरीच बरी. मदत शेवटी शेजारूनच पळत येते.

आणि एक बेल बहुतेक घरांत आधीपासूनच आहे, फुकट. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं, की ११२ ला फोन लागतो. (वर्गात प्रात्यक्षिक करू नका हं, फोन खरोखरच लागतो! पाठ्यपुस्तकाच्या कागदावर फोनचं चित्र काढून सराव घ्या.) हा फोन ओढणीच्या कापडाच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला तर पैशाचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

आता पैशाचं. आपल्या राज्यात २०२४ साली 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आली. त्यात ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात मिळतात. कागदपत्रं फार नाहीत : आधार, पासबुकची झेरॉक्स, दोन फोटो, स्वयंघोषणापत्र. अर्ज समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयाकडे. वस्तू घेतल्याचं बिल नंतर दाखवावं लागतं, तेव्हा पक्कं बिल जपून ठेवा. सध्या अर्ज घेणं चालू आहे का हे आधी विचारून मगच आजीला एसटीत बसवा.

इथे गंमत अशी की योजनेच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशी नावं आहेत, बेलचं नाव नाही. मग काय करायचं? खोटं बिल अजिबात नाही. स्वयंघोषणापत्रावर आजीचा अंगठा असतो, निस्तरायला तिलाच लागतं. सरळ वाट अशी : चष्मा आणि काठी तरी लागतेच, ती या पैशातून घ्या, आणि त्यासाठी घरातून जाणारे पैसे बेलसाठी बाजूला ठेवा. नाहीतरी नीट दिसणारा चष्मा आणि न घसरणारी काठी असली तर पडण्याचीच वेळ कमी येते.

केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' २०१७ पासून आहे. ती साठीपुढच्या गरजू ज्येष्ठांसाठी. त्यात पैसे नाही, वस्तूच मिळतात. आधी तपासणीचं शिबिर होतं आणि वस्तू नंतर येतात, म्हणून शिबिराच्या दिवशी रिकाम्या हाताने परतलेल्या आजोबांनी नाराज होऊ नये. शिबिराची चौकशी जिल्हा कार्यालयात करा. १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, तिथेही विचारता येतं.

पण बेलसाठी थेट मागणी करायला मला सगळ्यात जवळची वाटते ती ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. आजी-आजोबांकडे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर या निधीतून मदत मागता येते. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, चालता न येणं याला आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो आणि तपासणीच करत नाही. प्रमाणपत्र नसेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या.

(मुलगा कमावता असून बघतच नसेल तर गोष्ट वेगळी. २००७ च्या कायद्यानुसार आई-वडील निर्वाहखर्च मागू शकतात, आणि त्यात औषधोपचारही येतात. तो अर्ज प्रांत कार्यालयात. तो मुलांकडून लिहून घेऊ नका.)

वर्गात घ्यायचा नमुना असा :

प्रति,
मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत ............

विषय : दिव्यांग निधीतून मदतीची बेल घेण्यासाठी साहाय्य मिळणेबाबत.

महोदय,
मी ............, वय ७१, या गावची रहिवासी आहे. माझे पायाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मुलगा व सून कामाला आणि नात शाळेत जात असल्याने सकाळी ९ ते सायंकाळी ६ मी घरात एकटी असते. मागील वर्षात मी दोनदा पडले. एकदा दीड तास कोणालाही कळले नाही. गळ्यात घालण्याच्या बेलचे दुकानदाराचे दरपत्रक जोडले आहे. दिव्यांग कल्याणाच्या पाच टक्के निधीतून ही रक्कम मिळावी, ही विनंती.

अर्जदाराची सही / अंगठा

बघा, यात 'गरीब बिचारी' नाही, 'आपली कृपाभिलाषी' नाही. किती वाजता, किती वेळा, किती वेळ, एवढंच आहे. मुलांना हे पटवायला वेळ लागतो, कारण अर्ज म्हणजे गयावया असं त्यांनी घरी पाहिलेलं असतं. त्यांना घरी जाऊन आजीला विचारून ते आकडे आणायला सांगा. आमच्या एका मुलाला त्याच्या आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की ते गोठ्यात पडले होते. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

गणितही यातच येतं. राज्याच्या योजनेत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ६५ पूर्ण अशी अट दिली होती, म्हणजे जन्म कधीपर्यंतचा हवा? बऱ्याच आजींच्या आधारवर १ जानेवारीच असते, त्यावरून वजाबाकी छान होते.

अर्ज दोन प्रतींत करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय घरी येऊ नका. त्याला पोच म्हणतात, आणि हा शब्द फळ्यावर लिहून घ्यायलाच हवा. बेल आली की दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलाने ती आजीकडून एकदा दाबून घ्यायची आणि शेजारी वाजली का ते पळत जाऊन बघायचं. सेल संपलेला असला तर त्याच दिवशी बदलायचा.