वर्ग सांभाळण्याची विद्या : बुधवार पेठेतील एक धडा

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या घटनेचे सामाजिक मोल सर्वज्ञात आहे. नवशिक्षकांसाठीही तीत एक धडा आहे, त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकविले. शिवाय अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. स्वतः साक्षर होणे आणि वर्ग चालविणे ही दोन वेगळी कामे आहेत, ही जाण त्यामागे होती.

३ जुलै १८५१ रोजी याच पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात फुले यांनी मुलींची आणखी एक शाळा उघडली. पहिल्या दिवशी तीत ८ मुली होत्या. पुढे ही संख्या ४८ वर गेली. आठ मुलांचा वर्ग नजरेच्या धाकाने सांभाळता येतो. अठ्ठेचाळीसांचा वर्ग योजनेनेच सांभाळावा लागतो.

पहिले पंधरा दिवस

नव्या शिक्षकाची खरी कसोटी पहिल्या पंधरवड्यात लागते. या काळात पाठ्यपुस्तक थोडे मागे राहिले तरी चालेल. पण वर्गाचा नित्यक्रम बसला पाहिजे. हजेरी केव्हा होईल, वह्या कोण गोळा करील, पाणी पिण्यास केव्हा जावयाचे, काम लवकर संपल्यास काय करावयाचे, हे मुलांना आधीच ठाऊक असावे. नियम चार-पाचच असावेत आणि ते सर्वांना सारखे लागू व्हावेत. प्रत्येक मुलाचे नाव पाठ असणे हे शिक्षकाचे मोठे बळ होय. ‘ए, मागचा’ म्हणून हाक मारलेले मूल दुरावते. नावाने विचारलेले मूल सावध होते.

गोंगाटाचे मूळ

वर्गात गोंगाट होतो तो बहुधा दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात. शिक्षक फळ्याकडे वळून दहा मिनिटे लिहीत राहिला की पाठीमागे बाजार भरतो. म्हणून पाठाचे टाचण करतानाच मुलांच्या हातांना काय काम द्यावयाचे तेही लिहून ठेवावे. पाठ फार कठीण झाला तर कच्ची मुले खोड्या काढतात. फार सोपा झाला तर हुशार मुले. आवाज चढविण्यापूर्वी पाठ तपासावा. एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर एकीला लेखनकार्य देऊन दुसरीस शिकवावे, आणि मध्येच एक फेरी मारून यावी. खुर्चीवर बसून वर्ग चालत नाही.

शिक्षा व गळती

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी अनुभव तेच सांगतो. चारचौघांत अपमान झालेले मूल तोंडाने काही बोलत नाही. ते शाळेत येणेच टाळू लागते. ज्या घरातून पहिलीच मुलगी शाळेत आली असेल तेथे तिची आठ दिवसांची गैरहजेरी ही कायमची ठरू शकते. चुकलेल्या मुलाशी एकट्याने बोलावे. गैरहजर मुलाच्या घरी त्याच आठवड्यात जावे.

इतरांची जबाबदारी

हे सारे एकट्या नवशिक्षकावर सोपवून भागणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये वेतन मागितले होते. चांगला वर्ग हवा तर शिक्षकाची तयारी व त्याचा निर्वाह यांची तरतूद समाजाने व शासनाने करावी, हा त्यातील विचार आजही लागू आहे. मुख्याध्यापकांनी सर्वांत अवघड वर्ग नव्या माणसाच्या गळ्यात बांधू नये. त्याला जाणत्या सहकाऱ्याचे तास पाहू द्यावेत. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वर्गातील शांतता मोजण्यापेक्षा किती मुले कामात गुंतली आहेत ते पाहावे. पंचायत सदस्यांनी गैरहजर मुलांच्या पालकांशी बोलून शिक्षकास साथ द्यावी.

भिडे वाड्याची जीर्ण वास्तू २०२३ साली स्मारकासाठी उतरविण्यात आली. स्मारक तेथे उभे राहीलच. परंतु नव्या शिक्षकाच्या वर्गात जूनमध्ये आलेली प्रत्येक मुलगी एप्रिलमध्येही हजेरीपटावर दिसली, तर त्या शाळेचे कार्य गावोगावी पुढे चालू राहिले असे म्हणता येईल.