नावं ठेवणं आणि नाव देणं

मंडळी, नावं ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही! पण नाव देणं ही वेगळी विद्या आहे. तिचीच ही थोडी ओळख.

अभाच्या डोंगरात सहलीला गेलेल्या आपल्यापैकी काहींनी बाभळीच्या खोडावर टकटक करणारा एक तपकिरी सुतारपक्षी पाहिला असेल. नराच्या मानेमागे लाल ठिपका असतो. हा पक्षी फक्त सौदीच्या पश्चिमेकडील डोंगरांत आणि येमेनमध्ये आढळतो. त्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द आहे ‘डोरी’. ही डोरा कोण? तर सेंट जॉन फिल्बी या इंग्रज गृहस्थांची पत्नी. फिल्बी १९०८ मध्ये आय.सी.एस. होऊन पंजाबात रुजू झाले, १९१७ मध्ये अरबस्तानात आले आणि पुढे राजे इब्न सौद यांचे सल्लागार झाले. भटकंतीत मिळालेले पक्ष्यांचे नमुने ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देत. १९३४ मध्ये इथल्या एका डोंगरी तित्तिराला फिल्बींचं नाव मिळालं आणि १९३५ मध्ये बेट्स व किनिअर यांनी सुतारपक्ष्याला डोराबाईंचं नाव दिलं. गंमत म्हणजे हे किनिअर त्याआधी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहत होते!

नाव देतात कसं? नमुना जपून ठेवायचा, त्याची मापं आणि रंग लिहायचे, आधी कोणी वर्णन केलेलं नाही ना ते तपासायचं आणि मग दोन शब्दांचं नाव छापायचं. प्राण्यांसाठी ही पद्धत लिनिअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. पहिला शब्द म्हणजे जणू आडनाव. नवं संशोधन झालं की तो बदलू शकतो. दुसरा शब्द मात्र सहसा कायम राहतो. म्हणून तिथे कोणाचं नाव बसतं, याला महत्त्व आहे.

इथल्या मेंढपाळांना तो सुतारपक्षी पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार. पण ग्रंथात नाव राहिलं ते डोराबाईंचं.

आपल्याकडे मात्र एका साहेबाने वेगळी वाट धरली. कर्नल विल्यम साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होते. १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातल्या बऱ्याच माशांना त्यांनी लोकांच्या तोंडची मराठी नावंच दिली. मुळा-मुठेतल्या महसीरला ‘खुद्री’, तसंच ‘कोळस’ आणि ‘शिंगटी’. आजही जगात कुठलाही अभ्यासक हे मासे याच नावांनी ओळखतो. भोयांची आणि कोळ्यांची भाषा अशी थेट लंडनच्या ग्रंथात जाऊन बसली!

आणि आपण? आपल्या घरात पापलेट, सुरमई एवढी दोन नावं झाली की मुलांसाठी बाकी सगळं ‘फिश’. लंडनच्या साहेबाने जपलेला शब्द आपल्याच स्वयंपाकघरातून गेला, तर तो परत आणायला कोण येणार?

म्हणून या शुक्रवारी एक छोटा गृहपाठ. गावी फोन लावा, फोन मुलांच्या हातात द्या आणि आजी-आजोबांना आपल्या नदीतल्या पाच माशांची नावं विचारायला सांगा. ती वहीत उतरवून ठेवा. नावं ठेवायला वेळ काढतोच की आपण. थोडा नावं जपायलाही काढू या.